नाताळाचे बारा दिवस असताना सारी दगदग २५ डिसेंबरच्या आतच का?

अंगणातली चांदणी

सोलापुरातील आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) डिसेंबर कसा जातो, हे या चर्चेच्या धाग्यावर बहुतेकांना सांगावे लागणार नाही. पहिल्या आठवड्यात घराची झाडलोट आणि पडदे धुणे, दुसऱ्या आठवड्यात नवी पेठेतील कपड्यांची खरेदी आणि शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाच्या) नाटिकेच्या तालमी, त्यानंतर रात्री-अपरात्री दाराशी येणारी कॅरलची, म्हणजे ख्रिस्तजन्माची गाणी गाणारी मंडळी, महिला मंडळाचा नाताळ, तरुण संघाचा नाताळ, मध्येच मुलांच्या शाळेचे स्नेहसंमेलन, आणि हे सगळे चालू असताना गॅसवर तेलाची कढई असतेच. २४ तारखेच्या रात्रीच्या उपासनेला घरातील बाई येते तेव्हा तिच्या पदराला तळणाचा वास असतो. वेदीवरून लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाचे, ख्रिस्तजन्माच्या कथेचे वाचन होते, मेंढपाळ येतात आणि जातात, आणि तिच्या मनात मात्र सकाळच्या मटणाचे वाटण फ्रिजमध्ये ठेवले की ओट्यावरच राहिले, याचा हिशोब चालू असतो.

हे चित्र रंगवून सांगण्याचा माझा हेतू नाही. मला एकच मुद्दा मांडायचा आहे, आणि तो असा की ही दगदग कामाच्या प्रमाणापेक्षा कामाच्या वेळेमुळे अधिक होते. मंडळीच्या पंचांगाप्रमाणे नाताळाआधीचे चार रविवार हे आगमनकाळाचे असतात. त्यांपैकी पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत कधीतरी येतो. हा काळ वाट पाहण्याचा, आत्मपरीक्षणाचा आणि प्रार्थनेचा आहे. वेदीवरचे वस्त्रही या दिवसांत जांभळे असते. सण सुरू होतो तो २५ तारखेला, आणि तेथून पुढे बारा दिवस चालून ६ जानेवारीला, मागी लोकांनी (पूर्वेकडील ज्ञानी लोकांनी) बाळ येशूचे दर्शन घेतले त्या प्रकटीकरणाच्या दिवसापाशी येऊन थांबतो. आपण हा क्रम पार उलटा केला आहे. आगमनकाळात खाणेपिणे, गाणेबजावणे आणि पाहुणे उरकतो, आणि २६ तारखेला दुपारी सण संपला म्हणून भांडी घासून फळीवर ठेवतो. त्यानंतर थेट ३१ च्या रात्रीच्या उपासनेपर्यंत कोणालाच काही सुचत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की या वर्षी निदान काही घरांनी आणि जमल्यास मंडळीतील काही संघांनी आपापले कार्यक्रम २५ च्या पलीकडे न्यावेत. नातलगांच्या गाठीभेटी २६ डिसेंबर ते ५ जानेवारी या दिवसांत व्हाव्यात. फराळाचे दोनच जिन्नस आधी करावेत आणि उरलेले सावकाश, त्या आठवड्यात करावेत. या बारा दिवसांना स्वतःचा आशयही आहे: २६ तारीख हा पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याचा दिवस, २७ हा येशूचा शिष्य योहान याचा आणि २८ हा हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा. त्यामुळे रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेत काय वाचावे, असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. आपल्या गावाच्या दृष्टीनेही हे सोयीचे आहे. जानेवारीच्या मध्याला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा सुरू झाली की होम मैदानाकडचे सगळे रस्ते भरून जातात आणि सारे शहरच तिकडे वळते. त्याआधीचा आठवडा मोकळा असतो, हवा थंड असते, शेतात हुरडा आलेला असतो.

आगमनकाळात मग करायचे काय, तर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे घरातील सर्वांनी एकत्र बसायचे, एक भजन म्हणायचे, एक उतारा वाचायचा आणि त्या आठवड्याचा दिवा लावायचा. चार मेणबत्त्यांच्या चक्राची जी प्रथा काही चर्चमध्ये दिसते, ती फार जुनी नाही. जर्मनीतील हाम्बुर्ग येथे गरीब मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान हिन्‍रिख विखर्न या पाळकांनी १८३९ साली गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावून ती सुरू केली, कारण मुले रोज विचारत असत की नाताळ कधी येणार. रविवारच्या चार मोठ्या मेणबत्त्या आणि अधल्यामधल्या दिवसांच्या लहान, अशी त्याची मूळ रचना होती. आपल्याकडे दिवाळीच्या उरलेल्या पणत्या एका ताटात ठेवल्या तरी काम होते.

आपली मते कळवावीत. विरोधी मतेही हवी आहेत.

सात रस्ता

ताई, विरोधी मत मागितले आहे म्हणून लिहिते. मी वयाने येथील बहुतेकांपेक्षा मोठी असेन. सण म्हटला की राबणे आलेच, आणि त्या राबण्यातही भक्ती असते, हे आमच्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही. चकलीचा सोऱ्या दाबताना आम्ही भजने म्हणत असू. टिळकांची कितीतरी पदे मला पुस्तकातून पाठ झालेली नाहीत, ती आईबरोबर पोळपाटाशी बसून झालेली आहेत. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची गाणी ओवी-अभंगांत आणि कीर्तनाच्या चालींत बसवली, म्हणून तर ती हाताने काम करता करता तोंडी येतात. तेव्हा स्वयंपाकघर एका बाजूला आणि प्रार्थना दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी मला मान्य नाही.

दुसरे म्हणजे २५ तारखेला आपल्या घरी कोण येते, याचा विचार करा. आमच्या वाड्यात लिंगायत, पद्मशाली, मुसलमान, मराठा अशी सगळी घरे होती. दिवाळीला त्यांच्या घरचे ताट आमच्याकडे येई, ईदला शीरखुर्मा येई, आणि नाताळाला आमच्या घरून करंज्यांचे ताट जाई. त्या दिवशी दार उघडे असते आणि ताट भरलेले असते, यालाच मी साक्ष म्हणते. शेजाऱ्याला तुम्ही 'आमचा फराळ २९ तारखेला आहे, तेव्हा या' असे सांगणार आहात का?

अंगणातली चांदणी

आजी, आपला दुसरा मुद्दा मला पूर्णपणे पटतो आणि त्यामुळे प्रस्तावात बदल करावासा वाटतो. शेजार २५ तारखेलाच यावा आणि त्यांच्यासाठीचा फराळ आधीच व्हावा. नातलग आणि मंडळीतील घरे मात्र, ज्यांना बारा दिवसांचे महत्त्व सांगता येते, त्यांनी नंतरच्या दिवसांत एकमेकांकडे जावे. असे केले तर करायच्या फराळाचे प्रमाण निम्म्यावर येते, कारण आज २५ तारखेच्या दुपारी आपण ख्रिस्ती घरेच एकमेकांच्या घरी जाऊन एकमेकांचा तोच चिवडा खात असतो.

पहिल्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणते की भजने म्हणत चकल्या करणाऱ्या बायका चार-पाच एकत्र बसत होत्या. आज एकटी बाई कामावरून येऊन रात्री दहानंतर कढई चढवते, तेव्हा तिच्या तोंडी भजन येईल अशी अपेक्षा आपण कशी करावी?

हुतात्मा एक्स्प्रेस

मी पुण्यात नोकरी करतो. मला सुट्टी मिळते ती २५ ची, आणि फार विनंती केली तर २४ ची अर्धी. हुतात्माने येतो आणि २६ ला पहाटे परत निघतो. आई त्या दीड दिवसात मला वर्षभराचे खाऊ घालते. आपण सुचवलेले बारा दिवस ही फक्त सोलापुरात राहणाऱ्यांची चैन आहे, असे स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते. सोलापुरातील किती ख्रिस्ती घरांतील मुले पुण्या-मुंबईला आहेत, हे मंडळीच्या कोणत्याही रविवारी बाकांवर नजर टाकली तरी कळते.

तरीही मुद्द्याशी मी सहमत आहे, कारण २५ तारखेला आई माझ्याजवळ बसलेली मला आठवत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आम्ही जेवताना पाहते. या वर्षी मी आणि बहिणीने ठरवले आहे की २५ चे जेवण साधे असेल: मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकरी, भात आणि शेंगाची चटणी. भाकऱ्या शेजारच्या मावशींकडून विकत आणू. बिर्याणी, कटलेट, केक आणि खीर यांपैकी काहीही नसेल. आईने अजून होकार दिलेला नाही.

पांढरा कोट

मी शहरातील एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि मंडळीतही सेवा करते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते. येथपर्यंत दगदगीची चर्चा झाली, पण ती शरीरावर कशी उतरते हे कोणी लिहिले नाही.

स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातील सुमारे २ लाख ८३ हजार हृदयविकाराच्या झटक्यांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. सणाच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन आठवड्यांच्या तुलनेत २४ डिसेंबरला झटक्यांचे प्रमाण ३७ टक्क्यांनी अधिक आढळले आणि रात्री दहाच्या सुमारास ते सर्वाधिक होते. पंचाहत्तरीपुढच्या व्यक्ती, मधुमेही आणि आधीपासून हृदयविकार असलेल्या व्यक्ती यांच्यात ही वाढ अधिक ठळक होती. हा अभ्यास नोंदींवरून केलेला असल्याने त्यातून कारण सिद्ध होत नाही. भावनिक ताण, जड जेवण, मद्य, प्रवास अशा शक्यता संशोधकांनी मांडल्या आहेत. स्वीडनची थंडी आणि सोलापूरची थंडी वेगळी, हेही खरे. परंतु आपल्याकडे २४ च्या रात्री दहा वाजता साठीच्या पुढची बाई काय करत असते, हे या धाग्याच्या पहिल्या परिच्छेदात आलेच आहे.

मला अधिक काळजी वाटते ती २५ तारखेच्या दुपारची. सकाळची उपासना लांबते, प्रभुभोजन होते, मग आवारात हस्तांदोलन आणि फोटो होतात, घरी येताच पाहुणे सुरू होतात आणि जेवायला तीन वाजतात. आजीने मात्र मधुमेहाची गोळी सकाळी आठ वाजताच घेतलेली असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीचे जेवण असे लांबले की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते: घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, आणि घरचे लोक म्हणतात की उपासनेत फार वेळ बसून थकली असेल. अशा वेळी शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि मग पोटभर खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्यावे. त्याहून सोपे म्हणजे उपासनेला निघण्यापूर्वी नीट न्याहारी द्यावी आणि बारा वाजता, पाहुणे असोत वा नसोत, ज्येष्ठांचे ताट वाढावे. गोळीची वेळ बदलायची असेल तर ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

फराळाबद्दल एकच गोष्ट लिहिते. शेंगापोळी गुळाची असते म्हणून मधुमेह्यांना चालते, हा समज सोलापुरात फार आहे. गुळानेही रक्तातील साखर वाढतेच. अर्धी पोळी, जेवणाचा भाग म्हणून, भाकरी तेवढी कमी करून खाल्ली तर गोष्ट वेगळी. ताटभर फराळानंतर वरून खाल्ली तर वेगळी. मिठाचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी मीठ सुचवले आहे, आणि चिवडा, चकली, शेव, लोणचे व रस्सा एकाच दिवशी पोटात गेले तर ती मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. रक्तदाबाच्या रुग्णांनी या दिवसांत गोळी चुकवू नये.

बारा दिवसांच्या कल्पनेला वैद्यकीय बाजूने माझी एक हरकतही आहे. अमेरिकेत १९५ प्रौढांवर केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सणासुदीच्या आठवड्यांत सरासरी ०.३७ किलो वजन वाढल्याचे दिसले. आकडा लहान वाटतो. परंतु ते वजन पुढे वर्षभरात उतरत नाही, ही त्यातील खरी गोष्ट आहे. एका दिवसाचे खाणे बारा दिवसांवर विभागले तर लाभ आहे. बारा दिवस रोज सणाचे खाणे झाले तर एका दिवसाची दगदग परवडली.

सात रस्ता

या बाईंनी दुपारचे जे लिहिले आहे ते माझ्याच घरी घडलेले आहे. बारा वाजता ताट, हे मी लिहून स्वयंपाकघरात लावणार आहे.

मिशन कंपाउंड

चर्चा वाचतो आहे. इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण 'आपली परंपरा' हा शब्द येथे सैलपणे वापरला जात आहे.

सोलापूर, अहमदनगर या भागांतील आपल्या अनेक मंडळ्यांचा उगम अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहे. हे मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात स्थिरावले. ते ज्यांनी पाठवले त्या अमेरिकन बोर्डाची पाळेमुळे अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते अशा पंथाच्या) मंडळ्यांत होती, आणि त्यांचे पूर्वज असलेल्या प्युरिटन लोकांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली कायदा करून नाताळ पाळण्यावर बंदी घातली होती. काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून जो हा दिवस पाळेल त्याला पाच शिलिंग दंड होता. १६८१ साली तो कायदा रद्द झाला. पवित्र शास्त्रात ख्रिस्तजन्माची तारीख दिलेली नाही आणि सणाच्या नावाखाली दंगामस्ती होते, ही त्यांची दोन कारणे होती.

तेव्हा बारा दिवस, प्रकटीकरणाचा सण, जांभळे वस्त्र हे सगळे आपल्या मंडळ्यांत बऱ्याच उशिरा आले. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना होऊन अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन आणि इतर मंडळ्या एक झाल्या, त्यानंतर एकमेकांचे उपासनेचे पंचांगही जवळ आले. माझ्या आजोबांच्या घरी आगमनकाळ नव्हता. रोजची कौटुंबिक प्रार्थना मात्र वर्षभर चुकत नसे. मला विचाराल तर पंचांग उलटेसुलटे करण्यापेक्षा ती एक गोष्ट परत आणावी. विश्वास मध्यभागी ठेवायचा असेल तर त्याला २५ तारीख आणि ५ जानेवारी सारख्याच आहेत.

अंगणातली चांदणी

माहिती उपयुक्त आहे, तरी निष्कर्षाशी मी सहमत नाही. आपल्या आजोबांच्या घरी वर्षभर प्रार्थना चुकत नव्हती, म्हणून त्यांना आगमनकाळाची गरज भासली नसेल. माझ्या घरी ती एरवी चुकते, आणि ज्या चार आठवड्यांत काहीतरी निमित्त असते तेवढ्या काळात ती टिकते. ज्याला रोज चालण्याची सवय नाही त्याला कंबर तलावाला एक फेरी ठरवून दिली की तो निदान घराबाहेर पडतो. निमित्त उशिरा आले म्हणून ते परके ठरत नाही. केक आणि सांताक्लॉजही उशिराच आले, त्यांना आपण कधी हरकत घेतली नाही.

कातण

सगळे दगदगीबद्दल आणि जेवणाबद्दल बोलत आहेत. पैशांबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या भागात विडी वळणाऱ्या आणि टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या घरांची मंडळी आहे. हजार विड्यांवर मजुरी ठरते, त्यामुळे डिसेंबरात फराळासाठी घरी बसले की त्या दिवसांची मजुरीही जाते. घरातील प्रत्येकाला नवे कपडे हवेतच, ही अपेक्षा कोणी घातली हे ठाऊक नाही, पण ती मोडण्याची हिंमत कोणाची होत नाही, कारण चर्चमध्ये २५ तारखेला सगळे एकमेकांचे कपडेच पाहतात. मग पतसंस्थेतून कर्ज काढले जाते आणि त्याचे हप्ते ईस्टर उलटला तरी संपत नाहीत. जानेवारीत ज्या घरात हप्त्यावरून भांडणे होतात त्या घरात नाताळ शांततेचा झाला, असे कसे म्हणावे?

आमच्या गल्लीतील बायकांनी यावर नाताळाची भिशी सुरू केली आहे. जानेवारीपासून दरमहा ठरावीक रक्कम जमते आणि ती नोव्हेंबरच्या शेवटी सगळ्यांना एकदम परत मिळते. त्यात सोडत काढली जात नाही आणि व्याजही नसते. त्याच पैशांतून रवा, मैदा, तेल आणि सुके खोबरे घाऊक बाजारातून एकत्र आणले जाते आणि करंज्या एका घरी, चकल्या दुसऱ्या घरी, अशा वाटून केल्या जातात. आजी म्हणतात तशा चार-पाच बायका तेथे अजूनही एकत्र बसतात. एक लाटते, एक सारण भरते, एक कातण फिरवते, आणि लहान मुलींना कडांचे उरलेले तुकडे तळून मिळतात. कपड्यांच्या बाबतीत या वर्षी असे ठरले आहे की नवे कपडे फक्त मुलांना घ्यायचे. ते टिकते का, हे पुढच्या नाताळाला कळवीन.

यंदा चांदणी नाही

मी पहिल्यांदाच येथे लिहीत आहे. पावसाळ्यात माझे यजमान प्रभूकडे गेले. हा त्यांच्याविना पहिला नाताळ आहे. आमच्याकडे असे वर्ष असले की फराळ करत नाहीत आणि चांदणी लावत नाहीत, ते ठीक आहे. माझीही इच्छा नाही. परंतु त्याबरोबर लोक येणेही बंद करतात, ते मात्र जड जाते. गेल्या रविवारी कॅरलच्या मार्गाची यादी लावली, त्यात माझे घर नव्हते. मला त्रास होऊ नये, असाच त्यामागचा विचार असणार, हे मला कळते.

आपण सगळे ताण कमी करण्याबद्दल बोलत आहात, म्हणून सांगते. माझ्या घरी या, दहा मिनिटे बसा, चहाही मागू नका. एक उतारा वाचा आणि त्यांना आवडणारे एक गाणे म्हणा. 'कशा आहात' असे विचारून झाल्यावर लगेच घड्याळाकडे पाहू नका.

तरुण संघ

काकू, आपले घर मार्गात घेतले आहे. वेळ संध्याकाळी सातची ठेवतो. ढोलकी आणि सांताक्लॉज नसतील. आपल्या यजमानांचे आवडते गाणे कोणते, ते मला निरोप पाठवून कळवावे.

कॅरलविषयी बाकीच्यांसाठी लिहितो, कारण दगदगीचा मोठा वाटा आमच्याकडे येतो, हे आम्हालाही दिसते. रेल्वे लाइन्स, मोदी, सात रस्ता, विजापूर रोड आणि जुळे सोलापूर एवढा पसारा एकाच गटाने करायचा, प्रत्येक घरी चहा, चिवडा आणि केक घ्यायचा, म्हणजे शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत एक वाजतो. त्या घरची माणसे कपडे न बदलता बसून असतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर जायचे असते. आम्हालाही कॉलेज असते. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवायचा असतो आणि उघड्यावर वाद्येही वाजवता येत नाहीत. वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस शासन बारापर्यंत सवलत देऊ शकते. ते दिवस जिल्हाधिकारी कार्यालय दरवर्षी जाहीर करते, तेव्हा ती यादी पाहिल्याशिवाय कोणी गृहीत धरू नये.

या वर्षी आम्ही तीन गट करत आहोत. प्रत्येक गटाकडे एकच भाग असेल, संध्याकाळी सहाला निघायचे आणि पावणेदहाला थांबायचे. खाणे फक्त शेवटच्या घरी होईल. बाकीच्या घरांनी कृपया आग्रह करू नये, कारण नाही म्हटले की लोक रागावतात आणि हो म्हटले की पुढची घरे रखडतात. जी घरे राहतील तेथे २७ ते ३० या दिवसांत जाऊ. ताईंच्या प्रस्तावाप्रमाणे पाहिले तर गव्हाणीची गाणी तेव्हाच अधिक शोभतात.

पाळकीणबाई

हा धागा मला एका बहिणीने पाठवला. आमच्या घरच्या नाताळाबद्दल लिहिले तर तक्रार वाटेल, म्हणून थोडक्यात लिहिते. डिसेंबरात पाळकसाहेबांना प्रत्येक संघाच्या कार्यक्रमात संदेश द्यावा लागतो, आणि सगळ्या संघांना तो ख्रिस्तजन्मावरच हवा असतो. २४ ची रात्र, २५ ची सकाळ, ३१ ची रात्र आणि १ ची सकाळ या उपासना त्याशिवाय. २५ च्या दुपारी त्यांचा आवाज बसलेला असतो आणि त्याच वेळी आमच्या घरी येणाऱ्यांची रांग सुरू होते. आलेल्या प्रत्येकाने काहीतरी खाल्लेच पाहिजे असे मला वाटते, आणि मीच काहीतरी खाल्ले पाहिजे हे माझ्या लक्षात येते ते सायंकाळी.

मार्था आणि मरीया या बहिणींवर (प्रभू घरी आला असता मार्था कामात गुंतली आणि मरीया त्याच्या चरणांशी ऐकत बसली) मी स्त्रियांच्या सभेत बोललेली आहे, तेव्हा तो उतारा येथे पुन्हा सांगत नाही. फक्त एवढे म्हणेन की मार्थेला प्रभूने स्वयंपाक करू नकोस असे म्हटलेले नाही. तिची मदत करायला कोणी उठले नाही, ही गोष्ट मात्र तो उतारा वाचणारे पुरुष सहसा सोडून देतात. या धाग्यावरही एक भाऊ सोडले तर २५ च्या जेवणाची जबाबदारी घेणारा पुरुष मला दिसला नाही.

कामाचे सांगायचे तर हा विषय मी पास्टरेट कमिटीतील (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतील) बहिणींमार्फत बैठकीत मांडला. सगळे मान्य झाले नाही. तरुण संघाचा आणि शब्बाथ शाळेचा कार्यक्रम २५ च्या आधीच राहील, कारण पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना मुलांची नाटिका पाहायची असते आणि नंतर सभागृह मोकळे नाही. महिला मंडळाचा नाताळ मात्र २८ तारखेला घ्यायचे ठरले आहे. बेथलेहेमच्या बालकांचा दिवस असल्याने त्या दिवशीचे दान आजारी मुलांच्या औषधोपचारासाठी द्यावे, असे एका बहिणीने सुचवले आणि ते सर्वांना पटले. जेवणात खिचडी, कढी आणि पापड एवढेच असेल. आमच्या घरी भेटीला येणाऱ्यांसाठी २५ च्या ऐवजी २६ ची संध्याकाळ पाच ते आठ ठेवली आहे. २५ ला दुपारी दार बंद असेल, त्याचा कोणी गैरसमज करून घेऊ नये.

सात रस्ता

पाळकीणबाई, २६ ला मी येईन, पण बसायला येईन, खायला नाही. करंज्या मी २५ च्या आतच करणार, हे ताईंना सांगून ठेवते. माझ्या शेजाऱ्यांचे ताट चुकणार नाही. अनारसे मात्र या वर्षी नंतर करून पाहते. तांदूळ २४ ला सकाळी भिजत घातले आणि रोज पाणी बदलले तर २७ ला कुटता येतील. गुळात मळून ते पीठ तसेच ठेवले म्हणजे १ तारखेच्या सुमारास तुपात सोडता येईल, आणि जाळी चांगली पडायला तेवढे मुरणे लागतेच.

हुतात्मा एक्स्प्रेस

आईने होकार दिला आहे. अट अशी की मटण मी आणायचे, मी शिजवायचे आणि ती खुर्चीवर बसून सांगणार. पांढरा कोट ताई, तिचा रक्तदाब आहे. रश्श्यात मीठ किती घालावे?

पांढरा कोट

नेहमीच्या निम्मे घालून सुरुवात करा आणि आंबटपणासाठी शेवटी लिंबू पिळा; चव बरीचशी भरून निघते. शेंगाच्या चटणीतही मीठ असतेच, ते विसरू नका. आईंचे ताट बारा वाजता वाढा.